दीडशे रुपयांचा कवितासंग्रह आणि त्यातलं आपल्या घरामागचं रान

कवितांच्या पुस्तकाबद्दल मी याआधी कधी लिहिलेलं नाही. पण हे पुस्तक गेले दोन महिने पर्समध्ये घेऊन फिरतेय, भेटेल त्याला त्यातलं काहीतरी वाचून दाखवतेय, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी एक सांगते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. पुस्तकाचं आणि कवयित्रीचं नाव मी इथे देत नाहीये कारण तिनेच तशी विनंती केलीय. पहिलाच संग्रह, स्वतःच्या पैशांनी छापलेला, प्रती मोजक्याच. त्यात एक कविता आहे धनेश पक्ष्याच्या ढोलीवर, आणि ती ढोली पुण्यातल्याच एका झाडावर आहे, आणि कविता वाचून तिला आलेल्या पहिल्या तीन फोनपैकी तिन्ही फोनचा प्रश्न एकच होता, की झाड कुठलं. कोणाला फोटो काढायचे होते, कोणाला ग्रुप घेऊन यायचं होतं. तेव्हापासून तिने ठरवलंय की नेटवर नाव नको. मला हे शंभर टक्के पटलं. घरट्यापाशी दहा-बारा माणसं लेन्स रोखून उभी असली की नर चोचीत फळं घेऊन येतो आणि ढोलीपर्यंत न जाता लांबच्या फांदीवर नुसता बसून राहतो, आणि आत मादी वाट बघत असते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यानंतर मी स्वतः फोटो काढणं सोडलं.

मला हे पुस्तक मिळालं अप्पा बळवंत चौकात. भाचीसाठी दहावीची गाइडं घ्यायला गेले होते, गर्दीत उभं राहायला जागा नव्हती म्हणून शेजारच्या छोट्या दुकानात शिरले. तिथे काउंटरच्या कोपऱ्यात मातकट रंगाच्या कव्हरचा एक पातळसा गठ्ठा पडलेला होता. कव्हरवर ना पान ना फूल ना सूर्योदय, फक्त गवताची एक काडी. सहज उघडलं आणि जे पान आलं त्यावर कवितेचं नाव होतं ‘पोटखराबा’. मी तिथेच उभ्या उभ्या ती वाचली, मग परत एकदा वाचली आणि पैसे देऊन बाहेर पडले. गाइडं राहिलीच, परत जावं लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोटखराबा हा सातबाऱ्यावरचा शब्द आहे. आपल्या जमिनीतला जो तुकडा लागवडीखाली येत नाही, खडकाळ आहे, ओढ्यात गेलाय, त्याची नोंद पोटखराबा म्हणून होते. कविता सुरू होते ती अगदी उताऱ्यासारखी, गट नंबर, क्षेत्र, जिरायत किती, खराबा किती. म्हणजे पहिल्या सात-आठ ओळी वाचताना वाटतं की हे काय, ही काय कविता झाली का. आणि मग त्या खराब्याच्या रकान्यात कोण कोण राहतं ते ती सांगायला लागते. टिटवी, जी घरटं म्हणून काही बांधतच नाही, खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. कुसळी गवत. एक ससा. आणि शेवटी लांडगी, जिने त्या खडकाखाली बीळ केलंय. कवितेचा शेवट असा आहे की तलाठ्याने ‘पोट’ हा शब्द बरोबर लिहिला, कारण लांडगी पोटुशी आहे. बस, एवढंच. तिथे कविता थांबते. मला खरंच अंगावर काटा आला. रोज कागदावर वाचतो तो शब्द, माझे बाबा वेल्ह्याकडचे, आमच्या घरी जमिनीच्या वाटण्यांमध्ये हा शब्द शेकडो वेळा ऐकलाय, पण त्यातलं ‘पोट’ कधी ऐकूच आलं नव्हतं.

मला वाटतं या अख्ख्या पुस्तकाचा जीव या एका कवितेत आहे. रान म्हणजे कुठेतरी लांब, तिकीट काढून जीपमधून बघायला जायचं असं काहीतरी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ही बाई म्हणते की तसं नाही, आपण ज्याला खराबा म्हटलं, पडीक म्हटलं, गचपण म्हटलं, तिथेच ते शिल्लक राहिलंय, आणि आपण त्याला दिलेल्या नावांमध्येच ते लपून बसलंय. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सासवड, मोरगाव, सुप्याकडे जे गवताळ माळ आहेत ते बघून आपल्याकडची माणसं म्हणतात काय उजाड आहे, इथे झाडं लावायला पाहिजेत. आणि त्याच उजाड माळावर लांडगा आहे, चिंकारा आहे, खोकड आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथे पहाटे चिंकारा उड्या मारत जाताना बघितला की कळतं, माळाला उजाड म्हणणं किती चुकीचं आहे. तिथे झाडं लावली तर गवत जाईल, आणि गवत गेलं की ही सगळी मंडळी पण जातील. कवितेत यातलं काहीही सांगितलेलं नाहीये, पण वाचल्यावर मला हे सगळं आठवलं.

आता मराठीत रानावरच्या कविता म्हटलं की महानोर आठवणारच. त्यांचाही ‘रानातल्या कविता’ हा पहिलाच संग्रह होता, १९६७ चा. त्यामुळे मी पण मनातल्या मनात तुलना करत होते. मग लक्षात आलं की दोघांचं रानच वेगळं आहे. गावाकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. महानोरांचं रान पेरणीचं, पिकाचं, माणसाने कसलेलं, त्यात घाम आहे आणि गाणं आहे. हिचं रान म्हणजे शेत संपल्यावर, सोसायटीची भिंत संपल्यावर जे उरतं ते. त्यामुळे हिच्या कवितांना चाल नाहीये, गुणगुणता येत नाहीत त्या. सुरुवातीला मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या-पाचव्या कवितेनंतर सवय होते आणि मग वाटतं की बरोबर आहे, माळावर गाणं नसतंच, वारा असतो आणि मध्येच टिटवी ओरडते.

धनेशाची कविता. ही मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार काही कळली नाही, छापील पानावर विचित्र दिसते, एका ओळीत एक किंवा दोन शब्द आणि अशी खाली खाली पानभर गेलेली, मला वाटलं उगाच नव्या पद्धतीचं काहीतरी. दुसऱ्यांदा पीएमटीत बसून वाचत होते, पुस्तक जरा लांब धरलेलं होतं, आणि एकदम दिसलं की ती कविता म्हणजे फट आहे! धनेशाची मादी अंडी घालायची वेळ आली की झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती असं वापरून आतून तोंड लिंपून घेते, फक्त एक उभी चीर ठेवते, चोच बाहेर येईल एवढीच. आत तिची उडायची पिसंसुद्धा गळून जातात. त्या चिरेतून नर तिला वड, पिंपळ, उंबराची फळं भरवत राहतो, दिवसातून कितीतरी वेळा. पानाच्या मधोमध तशीच एक उभी चीर, शब्दांची. मी बसमध्ये शेजारच्या काकूंना दाखवलं, त्यांनी पण चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “हो गं, खरंच की.”

आणि यात मला आवडलं ते हे की ढोलीत बसलेल्या मादीवरून दोन सोप्या कविता लिहिता आल्या असत्या, एक आईच्या त्यागाची आणि दुसरी कोंडलेल्या बाईची. हिने दोन्ही लिहिल्या नाहीत. ती मादी आत बसून काय ऐकते एवढंच लिहिलंय. पंखांचा आवाज जवळ येतोय की लांब जातोय, झाडाची साल उन्हाने तडतडते तो आवाज, खाली कोणीतरी स्कूटर लावली तो आवाज. स्कूटर आली आणि मी दचकले, कारण तोपर्यंत मी विसरलेच होते की हे झाड शहरात आहे. राखी धनेश आपल्याकडे शहरात आहेत, टेकडीच्या कडेला, जुन्या बंगल्यांच्या बागांमध्ये, सकाळी त्यांची ती किंचाळल्यासारखी हाक येते. जुनं झाड पाडलं की नुसती सावली जात नाही तर ढोली जाते, आणि ढोली काय दोन-पाच वर्षांत तयार होत नाही, रोपं कितीही लावा.

गव्याबद्दल लिहिताना मला जरा जड जातंय. ९ डिसेंबर २०२०. कोथरूडमध्ये ज्यांना तो दिवस आठवतो त्यांना आठवतो. सकाळी महात्मा सोसायटीत रानगवा आला, मग बातमी पसरली, लोक जमले, गाड्या, आरडाओरडा, तो इकडून तिकडे पळत राहिला, कितीतरी तास, शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडला आणि मग तो गेला. मी तेव्हा जवळच राहत होते. मी बघायला गेले नाही पण मला आलेला व्हिडिओ मी पुढे पाच जणांना पाठवला, आणि त्यातले कोणीतरी तिथे बघायला गेले असतील तर त्या गर्दीत माझाही हात होता असं मला आजही वाटतं. या संग्रहातली कविता गव्याचं वर्णनच करत नाही. ती पूर्ण खुरांच्या उंचीवरून लिहिलेली आहे. माती, मग डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग पार्किंगमधली गुळगुळीत फरशी, आणि फरशीवर खूर घसरतो. टेकडीच्या दगडावर जे खूर कधी घसरले नाहीत ते फरशीवर घसरतात. माणसं कवितेत येतात ती नुसत्या चपला आणि बूट म्हणून. मी ही कविता एकदाच पूर्ण वाचू शकले, दुसऱ्यांदा अर्ध्यातून पान उलटलं. त्याच महिन्यात पाषाण-बावधनकडे अजून एक गवा आला होता आणि त्या वेळी त्याला जाऊ दिलं, तो परत रानात गेला, ते मात्र कवितेत नाहीये. असायला हवं होतं असं मला वाटतं, कारण आपण शिकू शकतो याचा तेवढाच पुरावा आहे.

वेताळ टेकडीवर सहा-सात कविता आहेत. मी गेली अकरा वर्षं टेकडीवर जातेय, २०२३ च्या एप्रिलमध्ये या टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते तेव्हा मीही होते, त्यामुळे या कवितांबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. खाणीवरची मस्त आहे, दगड काढून काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठलं आणि आता तिथे पक्षी पाणी प्यायला येतात, जखमेला तळं म्हणायचं का असा तिचा प्रश्न आहे. पण सगळ्यात धाडसी कविता आहे ‘उंदीरमारी’. टेकडीवर जाणाऱ्यांना माहितीये, उंदीरमारी म्हणजे वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया, मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड. झपाट्याने वाढतं, नुसती फांदी खोचली तरी जगतं, म्हणून टेकड्यांवर लाखांनी लावलं, आणि आता त्याच्याखाली आपली झुडपं, आपलं गवत धड येत नाही. आम्ही टेकडीवाले सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतो. आणि ही बाई लिहिते की फेब्रुवारीत त्याला पान नसतं आणि नुसती गुलाबी फुलं येतात तेव्हा मी खाली बघून चालते, कारण मला ते आवडतं. मी वाचून गप्प झाले. मलाही आवडतं. अकरा वर्षांत मी हे कोणाला बोलले नाहीये. जे झाड इथलं नाही, ज्याने इथल्यांची जागा घेतली, ते सुंदर दिसतं, आता काय करायचं, तर तिने काहीच उत्तर दिलेलं नाहीये आणि मला वाटतं तेच प्रामाणिक आहे.

आता जे आवडलं नाही ते. बिबट्यावरच्या दोन कविता. भाषा छान आहे, पण मला राग आला. जुन्नरच्या बाजूला धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि ऊस शेतात वर्षभर दाट उभा राहतो म्हणून बिबट्यांना तेच रान झालं, पिल्लं पण उसातच होतात, तोडणीच्या वेळी सापडतात. हे सगळं तिला माहितीये, कवितेत आहे. पण दोन्ही कवितांमध्ये बिबट्या म्हणजे सोनेरी, मखमली, डोळ्यांत दिवे. माझी मावशी नारायणगावजवळ राहते. संध्याकाळी सहा वाजता दार लावून घेते, नातवाला अंगणात एकटं सोडत नाही. तिकडे माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत, ऊसतोडीला आलेल्यांच्या झोपड्यांना तर धड दारसुद्धा नसतं. मी मावशीला फोनवर कविता वाचून दाखवली, ती शांतपणे ऐकून म्हणाली, “चांगलंय गं, पण तिला म्हणावं एकदा रात्रीची लाइट आल्यावर मोटर चालू करायला जाऊन ये.” गव्याच्या कवितेत जी खुरांच्या उंचीवरून बघू शकली ती इथे उसाच्या बांधावरून का बघू शकली नाही, मला समजलं नाही. डोंगरातले महादेव कोळी वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्यात भीती आणि मान दोन्ही एकत्र आहे, तसं काहीतरी इथे यायला हवं होतं.

नदीवरच्या चार कविता पण कच्च्या आहेत. मुळा-मुठेचा फेस, वास, प्लॅस्टिक, हे आपण सगळ्यांनी वाचलेलंच आहे. आणि एक गंमत वाटली, म्हणजे नीट तपासून बघितलं मी, की जिथे जिथे ‘निसर्ग’ हा शब्द आलाय तिथली कविता पडलीच आहे. पाच कवितांमध्ये आहे, पाचही सुमारच. जिथे तिने टणटणी, कुसळी, खोकड, तांबट असं नाव घेतलंय तिथे कविता उभी राहते. पुढच्या संग्रहात तिने हा एक शब्द टाळून बघावा असं मी तिला कळवलंय.

छपाईबद्दल बोलायलाच हवं. कागद चांगला, जाडसर, अक्षर मोठं, माझ्या वयाच्या लोकांना बरं. पण बाइंडिंग बेकार. जुलैच्या दमट हवेत माझ्या प्रतीची मधली दहा-बारा पानं सुटून हातात आली, मैत्रिणीच्या प्रतीचं पण तेच झालं. आणि मुद्रणदोष. ‘घाणेरी’ या झुडपावरची कविता आहे, त्यात डीटीपी करताना कोणीतरी दोन ठिकाणी ‘घाणेरडी’ करून ठेवलंय! त्या कवितेचा सगळा मुद्दाच हा आहे की फुलपाखरं ज्याच्यावर बसतात त्या झुडपाचं नाव आपण असं का ठेवलं. तिथेच ही चूक म्हणजे फार वाईट वाटलं. कवयित्रीने हाताने पेनाने दुरुस्त करून दिलंय प्रत्येक प्रतीत, पण छापखान्याने तिला पानं बदलून द्यायला हवी होती, तिने पूर्ण पैसे भरलेत.

आणि एक सांगायचं राहिलं, देवराईची कविता. छोटीशी आहे, नऊ ओळींची. आपल्या जिल्ह्यात मुळशी, वेल्हे, भोर भागात अजून बऱ्याच देवराया आहेत, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात हिंडून हिंडून त्यांचा अभ्यास केला होता. कवितेत एक म्हातारी देवराईतून बाहेर येताना पदर झटकते, वाळलेलं पान चिकटून आलं असेल तर ते आतच पडावं म्हणून. मी ही बाबांना वाचून दाखवली. बाबा एकोणऐंशीचे आहेत, कवितेबिवितेच्या वाटेला कधी गेले नाहीत. ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आमची आजी करायची असं. काडी पण आणायची नाही, देवीची असते.” मग म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचली. मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

ती प्रत आता त्यांच्याकडेच आहे. सुटलेली पानं त्यांनी स्वतः सुई-दोऱ्याने शिवलीत, आणि देवराईच्या कवितेच्या समासात पेन्सिलने त्यांच्या गावच्या देवराईतल्या झाडांची नावं लिहिलीत, हिरडा, जांभूळ, आंबा, बेहडा, गेळा, अजून आठवेल तशी भर घालतायत. मी माझ्यासाठी दुसरी प्रत घेतली. मागच्या शनिवारी दुकानात अजून चार-पाच शिल्लक होत्या. चौकात जाऊन मातकट कव्हर, गवताची काडी एवढं सांगितलं तरी देतील. घेतलीत तर आधी पान २३ उघडा, आणि घेताना बाइंडिंग बघून घ्या.